वाकड्या माडाखाली कुणी उठत नाही

डोकं सांभाळा, असं आम्ही इथे कुणाला सांगत नाही. ज्याला वाकायचं तो वाकतो, नाही वाकत त्याला आढं सांगतं. तुमच्यातल्या त्या उंच पाहुण्याला आत्ताच सांगून झालं. कपाळ चोळा जरा, आणि या आत. त्या खांबाजवळ नको, तिथे प्याला ठेवलेला आहे बघा. ती जागा दिलेली आहे. तुम्ही इकडे हसूरामच्या बाजूला बसा. सरक रे हसूराम.

भाटवेळच्या खाडीवर माडीची दुकानं आता पुष्कळ झाली. खुर्च्या आहेत, पंखे आहेत, एका ठिकाणी तर मासे पोहतात भिंतीत. तरी संध्याकाळ झाली की माणसं वाकून वाकून इथेच येतात. इथे आहे काय? सारवलेली जमीन, चटया, भाजलेला बोंबील, कांदा, उकडलेले चणे आणि माडी. आणि हा वर आडवा पडलेला माड. बाहेरून पाहिलात ना? जमिनीतून सरळ निघतो, माणसाच्या उंचीला आला की झोपतो, सगळं छप्पर अंगाखाली घेतो आणि पलीकडच्या वळचणीला गेल्यावर शेंडा पुन्हा वर काढतो. त्याची पोय, म्हणजे फुलाचा तो बंद कोंब, जिच्यातून माडी ठिबकते, ती तिथे वळचणीखाली लोंबते. बसल्या माणसाच्या हाताला येते. सगळ्या कोकणात माडीसाठी माणूस माडावर चढतो. फक्त इथे माड माणसाकडे उतरलेला आहे.

दुसरी एक गोष्ट तुमच्या मनात आली असेल, पण तुम्ही शिकलेली माणसं, बोलला नाहीत. तुम्ही आत आलात तेव्हा कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. पाहुणे आले तर उठून या म्हणावं, एवढी रीत आम्हालाही ठाऊक आहे. घरी आलात तर उठेन, पाणी देईन. पण इथे नाही. मागे एक नवीन फौजदार आला होता. टोपी घालून आला, टोपी आढ्याला लागून पडली. कुणी उठलं नाही ते बघून लाल झाला. मालक कोण, म्हणून गरजला. मी बसूनच म्हटलं, मी. तो तसाच अर्धा वाकून उभा राहिला, आम्हाला दम देत. वाकलेल्या माणसाला किती वेळ दम देता येतो? पाठ भरून आली तसा बसला. आता सुट्टीच्या दिवशी येतो, टोपी घरी ठेवून. कुणी आलं की तोही सरकतो. सरकणं वेगळं आणि उठणं वेगळं. सरकतो आम्ही सगळ्यांसाठी. उठत कुणासाठी नाही.

हे असं का, ते सांगते. मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. सासवांकडून आलेली गोष्ट आहे, तेव्हा फार गोड करून कुणी सांगितलेली नाही.

फार मागे, खोतांचं राज्य होतं तेव्हा, हा गुत्ता पोवळी नावाची बाई चालवायची. तिचा नवरा गोमाजी, भंडारी, माड छेदणारा. तो माडावर चढून माडी उतरवायचा आणि ती खाली बसून वाढायची. पडवी तेव्हा अशी बुटकी नव्हती म्हणे. दोन्ही हात वर करून आळस द्यावा एवढी उंच होती, आणि माड तिच्या मागे सरळ आभाळात गेलेला होता.

संध्याकाळी सगळा गाव तिथे यायचा. मिठागरातले आगरी यायचे, होडीवरचे कोळी यायचे, खारबांधावर दगड वाहणारी माणसं यायची. ज्यांना गावात एकमेकांच्या ओट्यावर चढता येत नव्हतं ती इथे एका चटईवर गुडघ्याला गुडघा लावून बसायची. करवंटीतून माडी प्यायची आणि बोलायची. माडी काय, दुसरीकडेही मिळत होती. पण दिवसभर सगळे उभेच असत हो. मिठागरात उभे, होडीत उभे, खोताच्या अंगणात तर उभेच. बसायला अख्ख्या गावात एक जागा होती, ती ही.

खोताचं नाव विसाजी. त्याच्या गावात एक रीत होती. खोत दिसला की बसलेल्यानं उठायचं आणि तो दिसेनासा झाला की बसायचं. जेवणारा ताटावरून उठे. पोराला पाजणारी आई पोराला छातीशी धरून उठे. मेण्यातून तो गेला की भाताच्या लोंब्यांवरून वारा जावा तसा गाव उठायचा आणि बसायचा, असं सासू सांगायची.

गुत्त्यात मात्र तो कधी येत नसे. माडी त्याच्या घरी पोहोचायची. एका संध्याकाळी तो वाटेवरून चालला होता आणि त्याला पडवीतून हसणं ऐकू आलं. मोठं, पोट धरून हसणं. हे माझ्यावरच हसतायत, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि ते खोटं नव्हतं. जानकू म्हणून एक कोळी होता, वात्रट, तो खोताची चाल करून दाखवत होता. पोट पुढे, मान मागे, आणि पायाखाली शेण आहे अशा बेतानं पाऊल.

खोत दारात येऊन उभा राहिला. हसणं विझलं. सगळे उठले. एक जण तेवढा बसून राहिला, कमळू आगरी.

कमळू म्हातारा होता. जन्म मिठागरात गेलेला. खारात उभं राहून राहून त्याच्या गुडघ्यांचं लाकूड झालं होतं. एकदा बसला की उठायला त्याला बराच वेळ लागे, दोघं धरायला लागत. त्यानं बसल्या जागी हात जोडले. खोतानं विचारलं, पायांना काय झालंय? कमळू म्हणाला, “बसलेत मालक. मी उठवतोय, पन माजं ऐकत नायत.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कोण हसलं ते कुणाला कळलं नाही, पण ते हसणं कमळूला महाग पडलं.

पाय बसलेत काय, मग त्यांना उभं राहायला शिकवू, असं खोत म्हणाला. दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी कमळूला खाडीत उभं केलं. भरती येऊन ओसरेपर्यंत बाहेर काढायचं नाही, असा हुकूम. आणि सगळ्या गावानं काठावर उभं राहून बघायचं. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. कमळू हनुवटी वर करून काठावरच्या एकेका माणसाकडे बघत राहिला. बघणाऱ्यांना ते पाण्यापेक्षा जड गेलं. ओहोटी लागली तेव्हा गोमाजी आणि जानकूनं त्याला उचलून आणलं. पाय कायमचे गेले होते. घरी नेतो म्हणाले, तर म्हणाला, घरी नको, पोवळीकडं न्या.

पोवळीनं त्याला त्या खांबाला टेकवून बसवलं. अंग पुसलं. करवंटी भरून हातात दिली. पडवी माणसांनी भरलेली होती, पण कुणी बसेना. लाजेनं सगळे उभे. तेव्हा ती बोलली, आणि तिचे ते शब्द आमच्या घरात जसेच्या तसे आहेत.

“बसा सगळी. आन ऐका. या पडवीत जो बसला तो कुणासाठी उठनार नाय. खोत येऊ दे, सरकार येऊ दे. देव आला तर त्याला सरकून जागा देऊ. पन उठनार नाय.”

सासू तिची तिथेच होती. तोंड आवर गो, म्हणाली. गोमाजी बोलणाऱ्यातला नव्हता. त्यानं आपल्या करवंटीतली माडी खांबाच्या बुडाशी ओतली, म्हणजे शब्दाला साक्ष झाली, आणि कमळूच्या शेजारी बसला. मग सगळे बसले.

ही गोष्ट खोताच्या कानावर जायला वेळ लागला नाही. पारखायला तो पुन्हा आला. दारात सावली पडली तशी माणसं सवयीनं उठायला लागली. कुणी हात टेकलेला, कुणी एक गुडघा वर घेतलेला. पोवळी मडक्यापाशी होती. मान वर न करता म्हणाली, “बसा.” आणि माणसं परत बसली. भाटवेळच्या जन्मात पहिल्यांदा गाव बसलेला आणि खोत उभा, असं झालं.

खोत ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाईकडे पाहिलंच नाही, पडवीच्या मागे वर गेलेल्या माडाकडे पाहिलं. खोत मूर्ख नव्हता. पडवी मोडली तर माणसं दुसरीकडे बसतील. बाईला हाकललं तर तिचं नाव होईल. पण माडी आटली तर गुत्ता आपोआप उठेल, आणि कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

आता इथे माडाचं थोडं समजून घ्यायला हवं. पोय बांधून, तिला हलक्या हातानं ठोकून, तिचं टोक कोयतीनं पातळ तासायचं असतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तासलेल्या तोंडातून थेंब थेंब मडक्यात पडतो. एक वेळ तासायचं राहिलं तर जखम सुकायला लागते. आणखी राहिलं तर माड रुसतो, ती पोय मेली. पुढची येईपर्यंत बसा तोंड बघत. म्हणजे सरणातल्या निखाऱ्यासारखं नाही, चुलीतल्या विस्तवासारखं आहे ते. रोज फुंकर लागते.

खोतानं दोन हुकूम काढले. गावातल्या सगळ्या कोयत्या त्याच्या अंगणात आणून टाकायच्या. आणि माड छेदणाऱ्या सगळ्या पुरुषांनी वेठीला जायचं, खारबांधावर, उजाडण्याआधी जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. झालं. हत्यारही गेलं आणि हातही गेला. दुसऱ्या गुत्तेवाल्यांनी खोताच्या पाया पडून आपापल्या कोयत्या सोडवून आणल्या. पोवळीला निरोप आला, तूही ये, अंगणात उभी राहा, कोयती मिळेल.

ती गेली नाही.

त्या सकाळी गोमाजी बांधावर गेलेला, मडकं वर टांगलेलं, आणि पोय तासायची वेळ टळत चाललेली. पोवळी माडाखाली उभी होती. खांबाला टेकून बसलेला कमळू तिला म्हणाला, मला मोठी शिंप आणून दे एक. मिठागरातल्या माणसाला शिंप काय असते ते ठाऊक असतं, तळव्याला तिचा कितीदा प्रसाद मिळालेला असतो. पोवळीनं खाडीतून शिंपा आणल्या. कमळूनं त्यातली एक निवडली आणि पाट्याच्या दगडावर पाणी टाकून घासायला बसला. उभं राहता येत नव्हतं, पण धार बसूनच लावतात. शेवटी त्यानं आपल्या दाढीचे दोन केस तिच्यावर उतरवून दाखवले आणि शिंप तिच्या हातात दिली.

पोवळीनं लुगडं खोचलं, शिंप दातात धरली आणि माडाला पाय लावला. तशी सासू आडवी आली. बाईनं माडावर चढायचं नाही, ही जुनी रीत. बाईचा पाय लागला की माड वांझ होतो, असं सगळे मानायचे. सासू म्हणाली, घरादाराचं वाटोळं करशील. पोवळीनं दातातली शिंप काढली.

“आत्याबाय, माड वांझ झाला तर खोताचा हुकूम खरा. नाय झाला तर माजा. बगू तरी कोनाचा होतोय.”

आणि चढली. गोमाजीनं पाडलेल्या खाचा त्याच्या पावलाच्या मापाच्या, तिच्या पावलाला लांब पडायच्या. पोटऱ्या सोलल्या, छाती सोलली. पण वर पोहोचली, आणि शिंपेनं पोय तासली. कोयतीपेक्षा पातळ तासली गेली म्हणतात. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माडी आधीपेक्षा कमी उतरायची. कुणाला अर्धी करवंटी मिळे, कुणाला घोटभर. पण माणसं येत राहिली. घोटभर पिऊन पोटभर बसत. वेठीवरून आलेली, पाठीची सालटं गेलेली माणसं तिथे पाठ टेकत. आणि जानकूनं खोताची चाल पुन्हा करायला घेतली. आता तो ती बसून करायचा, नुसत्या मानेनं आणि हातांनी, आणि ती आधीपेक्षा जास्त हुबेहूब झाली होती म्हणे.

खोताला वाटलं होतं, आठवड्याभरात गुत्ता गप होईल. त्याऐवजी त्याला पुन्हा ते हसणं ऐकू आलं.

त्यानं माणसं पाठवली. होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल लावतात, ते घट्ट, घाण वासाचं तेल, त्यांनी माडाच्या बुडापासून हात पोचेल तिथपर्यंत थापलं, आणि खाचा चिखलानं बुजवून वरून पुन्हा तेल. पोवळी पाण्याला गेली होती. आली तर माड बरणीसारखा चकाकत होता.

तिनं प्रयत्न केला. चढली, घसरली. राख फासून चढली, घसरली. कमरेला दोर बांधून चढली, अर्ध्यावरून पडली आणि खांद्याला लागलं. दुपार कलली. वर मडक्यावर कावळा येऊन बसला होता. सकाळची तासणी चुकली होती. संध्याकाळची चुकली की पोय गेली, आणि पोय गेली की पडवी गेली, कमळूची बसायची जागा गेली, तिचा शब्द गेला. आयाबाया गोळा झाल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, जा गो खोताकडे, एकदा उभी राहा त्याच्यासमोर, काय झिजतं? सासूही तेच म्हणाली.

पोवळी पडवीच्या पुढच्या वळचणीपाशी गेली आणि खाली बसली. हात जोडले नाहीत. नारळ कबूल केला नाही. वर बघून माडाला म्हणाली,

“मी बसले. आता मी पन उठत नाय. तुला यायचं तर खाली ये.”

पुढचं जे आहे ते ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं घ्यावं. कोणी म्हणतात, खाडीवरून वावटळ आली. आली असेल. पण आसपासच्या दुसऱ्या एकाही माडाची झावळी हलली नाही, असं सांगतात. आधी आवाज आला, जुनी होडी वाळूवर ओढताना येतो तसा. मग माणसाच्या उंचीवर माड लवला. मोडला नाही, लवला. म्हातारी बाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवत खाली बसते ना, तसा तो हळूहळू पडवीच्या छपरावर टेकला. वासे करकरले आणि खाली आले. आत कमळू बसलेला होता. छप्पर त्याच्या डोक्याच्या वर वीतभर राहिलं आणि तिथेच थांबलं. चुलीवरचं मडकं हललं नाही. आणि माडाचा शेंडा वळचणीपाशी आला, पोय बसलेल्या पोवळीच्या मांडीजवळ. तिनं कमरेला खोचलेली शिंप काढली आणि बसल्या बसल्या पोय तासली. पहिला थेंब तिच्या तळहातावर पडला.

सासूनं तो थेंब बोटानं घेऊन चाखला. आणि सुनेला म्हणाली, “गोड हाय. वांझ नाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खा गाव तिथे होता. वाकून वाकून आत शिरले, डोकी आपटली, हसले, बसले. इतकी माणसं आत कधीच मावली नव्हती. उभ्या माणसाला जागा जास्त लागते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आणि खोत आला. एकटा नाही, वेठीवरची माणसं बरोबर घेऊन, त्यांच्या हातात कुऱ्हाडी देऊन. सगळ्यांत पुढे गोमाजीला ठेवलं होतं. तुझा माड, तुझ्या हातानं तोड, असं त्याला सांगितलं होतं. गोमाजी कुऱ्हाड धरून उभा. बांधावरच्या दगडांनी त्याचे खांदे फुटलेले होते.

खोत दाराशी आला. दार आता त्याच्या छातीला लागत होतं. आत बघायचं तर वाकायला हवं, आणि वाकायचं कसं? तो छपराकडे बघूनच बोलला. “उठा. सगळे बाहेर या.”

आतून पोवळीचा आवाज आला, “खोतानू, इथं उभं राहायला जागा नाय. बसायला हाय. बसायचं तर वाकून या.”

आणि मग जानकू, ज्याच्या मस्करीपासून हे सगळं सुरू झालं होतं तो. त्या वेळी मात्र त्यानं कुणाची नक्कल केली नाही. आपल्या आवाजात म्हणाला, “आन जागा असती तरी नसतो उठलो.”

तेवढ्यात आत काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. कमळू होता तो. दोन्ही हात जमिनीला टेकून, मेलेले पाय ओढत, तो खांबापासून सरकला. एका माणसाची जागा केली. आणि त्या जागेवर हात थोपटून म्हणाला, “या मालक. माज्या बाजूला बसा.”

खोताच्या तोंडचं पाणी पळालं. तो गोमाजीकडे वळला आणि म्हणाला, घाल घाव.

गोमाजीनं कुऱ्हाड उचलली. माडाकडे पाहिलं. बायकोनं शिंपेनं तासलेली पोय पाहिली. एवढं पातळ तर मलाही जमलं नसतं, असं तो नंतर आयुष्यभर म्हणायचा. मग त्यानं कुऱ्हाड दाराबाहेर टेकवून ठेवली, वाकला, आत गेला आणि बायकोच्या शेजारी बसला. त्याच्या मागून दुसरा वाकला. मग तिसरा. कुऱ्हाडींचा ढीग झाला बाहेर. मेण्याचे भोई होते, तेही मेणा खाली ठेवून वाकले. पोवळी प्रत्येकाला म्हणत होती, सरका, सरका, जागा करा. आणि माणसं सरकत होती.

शेवटी एवढ्या मोठ्या गावात उभा असा एकटा खोत राहिला.

तो किती वेळ उभा होता कुणी मोजलं नाही. आत सगळे प्यायला लागले होते. कमळूनं आपल्या शेजारी केलेल्या जागेवर एक भरलेली करवंटी ठेवली होती, आणि कुणी तिला हात लावला नाही. लोक सांगतात, खाडीच्या तोंडाशी तो जो उभा काळा दगड आहे तो खोतच, शरमेनं दगड झाला. मला ते पटत नाही. दगड झाला असता तर सुटला असता. तो पायी चालत घरी गेला, जेवला, आणि पुढे पुष्कळ वर्षं जगला. फक्त या वाटेनं कधी गेला नाही. कोयत्या परत आल्या. वेठीचा हुकूम कुणी मागे घेतला नाही, पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बांधावर कोणी गेलंच नाही.

कमळू पुढे त्या खांबाजवळच राहिला. त्याच्या मुलांनी त्याला शेवटी घरी न्यायचं म्हटलं तर म्हणाला, मी उठत नाय, तुमाला ठाऊक हाय.

तो माड कधीच गेला. माड काय, माणसापेक्षा थोडा जास्त जगतो एवढंच. पण आमच्यात त्याची एक पोय दरसाल नारळाला सोडायची रीत आहे. त्यातला एक नारळ तिथेच पुरतात. मागचा म्हातारा झाला की पुढचा तयार असतो. हा माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेला. आधाराला काठी लावून सरळ वाढवायला बघितला होता त्यांनी. माणसाच्या उंचीला आला आणि काठी मोडून झोपला. छप्पर किती वेळा शाकारलं, किती वेळा वासे बदलले, पण उंची तीच. मी लग्न होऊन आले तेव्हा अंगावरची हळद पुसायच्या आत सासूनं मला इथे आणलं, वळचणीखाली बसवलं आणि हातात शिंप दिली. आमच्या घरात नवी सून पहिली पोय शिंपेनं तासते, बसून. माझा हात कापला होता. सासू म्हणाली, कापू दे, लक्षात राहील. राहिलं.

मधे आमचा नितेश, माझा नातू, इंजिनेराला घेऊन आला होता. आज्जी, स्लॅब टाकू या, उंच करू या, शहरातली माणसं डोकी आपटून घेतात, नावं ठेवतात. मी म्हटलं, कर की उंच. आधी तू यात उभा राहून दाखव. तो हसला आणि बसला. इंजिनेरही बसला. माप घ्यायची फीत त्याच्या खिशातच राहिली.

खोताच्या वंशातला एक माणूसही येऊन गेला. चांगला होता बिचारा, मुंबईला नोकरी करायचा. गोष्ट ऐकली, मान खाली घातली, आणि म्हणाला, आजी, त्या खांबाजवळच्या जागेवर मी बसू का, म्हणजे हे संपेल. मी म्हटलं, तुम्ही वाकून आलात, तुमची जागा तुम्हाला मिळाली, ही इथे, माझ्या बाजूला. ती जागा तुमची नाही. ज्याला दिली त्यानंच घ्यायची. उसनं वाकणं चालत नाही.

तर पाहुणे, असं आहे ते. आजही संध्याकाळची पहिली माडी उतरली की पहिला प्याला त्या खांबाजवळ जातो, कमळूनं सरकून केलेल्या जागेवर. कितीही गर्दी असो, तिथे कुणी बसत नाही. दुकान आवरताना तो प्याला नितेश माडाच्या बुडाशी ओतून येतो, आणि दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा भरते. आजही दारातून कुणीही येवो, आम्ही बघतो, या म्हणतो आणि सरकतो. राग आमचा नाही कुणावर. जागा केलेली आहे, प्याला भरलेला आहे.

वाकायला तेवढं त्यानं यावं.